पाच नंबरची वाट

ऑफिसात तिला तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'टेपबाई'. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नाव तिला पहिल्यापेक्षा जास्त आवडायचं. पर्समध्ये जेवणाचा डबा नसला तरी चालेल, पण मोजायचा टेप असणारच, अशी तिची ख्याती. शहरात कुठेही पाच हजारांच्या वर माणसं एका जागी जमणार असली, की त्या कार्यक्रमाच्या परवानगीचा कागद तिच्या टेबलावरून जायचा. दारं किती, रुंदी किती, दिवे गेले तर काय, कुणी घेरी येऊन पडलं तर स्ट्रेचर कुठून आत येणार, हे सगळं ती स्वतः पायांनी चालून बघायची आणि मगच सही करायची. नकाशा बघून सही मागणाऱ्यांना ती म्हणायची, "नकाशात कुणी गुदमरत नाही हो."

त्या गुरुवारी दुपारी ती अशाच एका पाहणीला निघाली. काम नेहमीचंच होतं. शहराच्या जुन्या स्टेडियमवर शनिवारी चार वाजता एका मोठ्या गायकाचा कार्यक्रम होता. आयोजकांनी सतरा हजार माणसांची परवानगी मागितली होती. चार दारांच्या हिशेबाने तिथे बाराच हजार बसत. पण पाच नंबरची वाट, जी बारा वर्षं बंद होती, ती आयोजकांनी आता दुरुस्त केली होती. नवा रंग, नवे दिवे, नवं दार. ती वाट पास झाली की सतरा हजार पास.

घरातून निघताना मुलगी दारापर्यंत आली होती. पंधराची पोरगी, तिच्या सगळ्या मैत्रिणींनी मिळून शनिवारची तिकिटं काढली होती.

"आई, तू नेहमीसारखं काही खुसपट काढू नकोस हं. माझं नाक कापलं जाईल."

"वाट चांगली असेल तर माझं काय जातंय सही करायला?"

"तुला चांगलं काही दिसतं का कधी?"

टेपबाई हसली होती. पाच नंबरच्या वाटेचं नाव फाईलवर वाचल्यापासून रात्रीची झोप उडाली आहे, हे तिने मुलीला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्टेडियमवर ऊन रणरणत होतं. मैदानात स्टेज उभं राहत होतं, हातोड्यांचे आवाज घुमत होते. आयोजक एका कानाला एक आणि हातात दुसरा असे दोन फोन घेऊन समोर आला. माणूस जिभेवर खडीसाखर ठेवून बोलणारा.

"मॅडम, तुमच्यासाठीच थांबलोय. वाट बघाल तर खूश व्हाल. लग्नघर करून टाकलंय अगदी!"

"चालून बघते, मग सांगते."

"बघा, बघा. हे काका दाखवतील," असं म्हणून तो फोनवर बोलत स्टेजकडे निघूनही गेला.

काका म्हणजे स्टेडियमचा जुना रखवालदार. कमरेला सुतळीत ओवलेल्या किल्ल्यांचा घोस, म्हणून सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. तीस वर्षं त्यांनी या दारांची उघडझाप केली होती. ते तिला पूर्वेच्या गॅलरीखाली घेऊन गेले. तिथून ती वाट सुरू होत होती. अडीच मीटर रुंद, शेहेचाळीस मीटर लांब, मध्ये एक वळण, आणि वळणापलीकडे रस्त्यावर उघडणारं दार. गॅलरीच्या पोटातून गेलेलं बोगद्यासारखं काहीतरी. आत ट्यूबलाइट लख्ख पेटल्या होत्या. ताज्या रंगाचा वास येत होता.

"मी पलीकडच्या दाराशी उभा राहतो, बाई," काका म्हणाले. "रस्त्यावरून वळसा घालून जातो."

"वळसा कशाला? चला की माझ्याबरोबर आतून. पाऊण मिनिटाचं तर अंतर आहे."

काका आत बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून कुठेतरी भलतीकडे बघत होते.

"नको. मी बाहेरूनच जातो."

ते गेले. पाच मिनिटांनी वाटेच्या त्या टोकाकडून दार उघडल्याचा आवाज आणि त्यांची हाक आली. तिने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं आणि ती चालू लागली.

तिला वेगळं असं काहीच जाणवलं नाही. हातोड्यांचे आवाज मागे पडले. आपल्याच सँडलची टकटक ऐकू येत राहिली. भिंतीचा रंग चांगला होता, फरशी घसरडी नव्हती, दिवे पुरेसे होते. वळण आलं, वळणापलीकडे दारातलं ऊन दिसलं, उन्हात काका दिसले. ती दाराशी पोचली आणि तिने बटण दाबून घड्याळ बघितलं.

सात मिनिटं, दहा सेकंद.

"अरेच्चा! बिघडलं वाटतं हे."

"बिघडलेलं नाही," काका हळूच म्हणाले. "सात मिनिटं मीही उभा आहे इथे."

"काहीतरीच काय? मी सरळ चालत आले!"

काकांनी दाराच्या चौकटीवरचा हात काढला नाही. "बाई... तुम्ही कशा चालत होतात, ते तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"कशी म्हणजे?"

"वळणापासून मी बघत होतो. एक वीतभर पाऊल पुढे, मग थांबायचं. पुन्हा वीतभर. या बाजूला झुकायचं, त्या बाजूला झुकायचं. आणि हात हे असे..." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात कोपरातून दुमडून छातीसमोर धरले, मुठी गळ्याशी.

ती चाल तिच्या चांगली ओळखीची होती. दर वर्षी स्वयंसेवकांच्या शिबिरात ती स्वतः ती करून दाखवायची. गर्दी इतकी दाटली, की पाऊल टाकायला जागा उरत नाही, तेव्हा माणसं अशी डुलत डुलत सरकतात. आणि श्वासापुरती जागा राहावी म्हणून हात असे छातीसमोर धरतात. ती स्वयंसेवकांना सांगायची, "माणसं अशी चालताना दिसली, की समजा उशीर झाला."

दुसरं कुणी असतं तर तिथूनच घरी गेलं असतं. पण ताकही फुंकून पिणारी ही बाई. एका चाचणीवर तिने आयुष्यात कधी निकाल दिला नव्हता.

"पुन्हा एकदा चालते. या वेळी दार बंद ठेवा. आतून दांडा दाबून ते उघडतं का, तेही बघायला हवं."

"बाई, दार लावायला सांगू नका मला."

"काका, बंद दाराचीच तर चाचणी असते."

काकांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. पण त्यांनी मान डोलावली. ती उन्हातून वळसा घालून पुन्हा गॅलरीखाली गेली. दार लागल्याचा धप्प आवाज आतून घुमत आला. तिने बटण दाबलं.

या वेळी ती ठरवून चालत होती. लांब ढांगा टाकायच्या, सरळ जायचं. पहिली दहा पावलं नीट पडली. अकराव्या पावलाला तिचा गुडघा कशाला तरी लागला. मऊ, उबदार काहीतरी. आणि माणसाच्या सवयीचा जोर बघा, काही कळायच्या आत तिच्या तोंडून शब्द निघून गेला, "सॉरी हं."

"असू दे..." कुणीतरी पुढून म्हणालं.

ती जागच्या जागी थिजली.

समोर वाट रिकामी होती. दिवे लख्ख, भिंती कोऱ्या, फरशी मोकळी. पार वळणापर्यंत चिटपाखरू नव्हतं. पण ताज्या रंगाचा वास आता येत नव्हता. ओल्या कपड्यांचा वास येत होता. बाहेर कितीतरी दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता, आणि इथे भिजलेल्या कपड्यांचा, ओल्या केसांचा, खूप माणसांच्या श्वासाचा तो कोंदट वास तिच्या नाकातोंडात जात होता. डाव्या दंडाला कुणाचा तरी दंड चिकटलेला होता. मानेवर मागून कुणाचा तरी श्वास पडत होता, गरम, जलद.

परत फिरावं, असं तिच्या मनात आलं. तिने खांदा वळवला. खांदा वळेना. मागून कुणीतरी तिच्या सँडलच्या टाचेवर पाय दिला.

आणि मग ती सरकू लागली. स्वतःहून नव्हे. लाटेवरची काटकी सरकते तशी. वीतभर पुढे, थांब. वीतभर पुढे, थांब. तिचे हात आपोआप छातीसमोर आले.

आरडाओरडा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. नुसती कुजबुज होती. रांगेत उभी असलेली माणसं बोलतात तशी साधी, सोशिक.

"पुढे का थांबलेत?"

"उघडतील हो आता..."

"ढकलू नका ना मागून... मूल आहे माझ्याजवळ..."

"आम्ही नाही ढकलत, बाई. आम्हालाही मागूनच..."

वळण आलं. वळणावर उजवीकडची भिंत तिच्या बरगड्यांवर घासली, इतकी तिच्यावर रेटारेटी होती. वळणापलीकडे ते नवं दार दिसलं, हिरव्या रंगाचं, कमरेच्या उंचीवर लोखंडी आडवा दांडा असलेलं. बंद. तिथवर जायला किती वेळ लागला, ते तिला कधीच सांगता आलं नाही. शेवटी तिचे तळवे दांड्याला लागले. तिने दाबलं. दांडा खाली गेला, पण दार हललं नाही. दार बाहेर उघडणारं होतं, नवंकोरं होतं, एका बोटाने उघडायला हवं होतं, आणि ते भिंतीसारखं उभं होतं.

मागून भार वाढत होता. सावकाश. कुणाचाही दोष नसलेला भार. तिची छाती दारावर चेपली. तिने श्वास सोडला आणि पुन्हा घ्यायला गेली, तर छाती फुगेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मान खाली झाली तेव्हा तिला स्वतःचे पाय दिसले. दोन्ही सँडल फरशीपासून चार बोटं वर होते.

तेवढ्यात तिच्या कानाशी, अगदी अदबीने, एका पुरुषाचा आवाज म्हणाला,

"बाई... हे दार कुठल्या बाजूला उघडतं हो?"

आणि दार उघडलं. बाहेरून काकांनी दोन्ही हातांनी ओढलं होतं. टेपबाई उन्हात फरशीवर तोंडघशी पडली. तळव्यांची सालटी निघाली. घशातून मोठा आवाज करत हवा आत शिरली, आणि पुढची दोन-तीन मिनिटं तिला श्वास घेण्यापलीकडे जगात दुसरं कामच नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, की काका तिला उठवायला आले नव्हते.

ते दार पूर्ण उघडून, दाराला पाठ लावून, अंग चोरून उभे होते. नजर जमिनीकडे. देवळातून किंवा थिएटरातून माणसं बाहेर पडत असताना दार धरणारा माणूस उभा राहतो, तसे.

"काका... सोडा ते दार. लावून टाका."

काकांनी मान वर न करता हाताने खूण केली.

"थांबा... अजून... आहेत."

उन्हात, भर दुपारी, रस्त्यावर रिक्षा आणि बसगाड्या धावत असताना ती फरशीवर बसून राहिली, आणि तो म्हातारा रिकाम्या दारापाशी अंग चोरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी दार हलकेच लोटलं, कडी लावली आणि तिच्या शेजारी कठड्यावर येऊन बसले.

"त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती, बाई," ते म्हणाले.

बारा वर्षांपूर्वीची ती गोष्ट शहरात सगळ्यांना माहीत होती. असाच कार्यक्रम, अचानक गारांचा पाऊस, पूर्वेच्या गॅलरीतली माणसं या वाटेत धावली, आणि चौदा माणसं पुन्हा घरी गेली नाहीत. पण काका सांगत होते ते शहराला माहीत नव्हतं.

"फुकटे आत घुसतायत म्हणून मला म्हणाले, पाच नंबरला कुलूप घाल आणि एक नंबरला जा. मी घातलं. नोकर माणूस मी. पाऊस आला तसा धावत आलो. कुलूप काढलं. बाई, कुलूप उघडलं हो... दार उघडेना."

"आत उघडणारं होतं," ती म्हणाली. कानाशी विचारलेला तो प्रश्न तिला आता कळला.

"आत उघडणारं. आणि आतून माणसं टेकलेली. मी बाहेरून ढकलतोय जीव खाऊन. ते आतून ढकलतायत. मला वाटतंय मी सोडवतोय त्यांना. आणि मी..." त्यांनी किल्ल्यांचा घोस मुठीत दाबला. "कुणी विचारलंच नाही मला. अहवालात आलं, दार उघडं होतं. मीही म्हटलं, चला, सुटलो. तेव्हापासून त्या वाटेत पाय टाकला नाही मी."

टेपबाई सालटं निघालेल्या तळव्यांकडे बघत होती.

"तो अहवाल मी लिहिलाय, काका."

त्यांनी चमकून वर बघितलं.

"नोकरीला लागून चार महिने झाले होते. तिघांची समिती. दोघे मोठे साहेब, तिसरी मी, लिहून काढायला. मी आले तेव्हा कुलूप कडीला नुसतं लोंबकळत होतं. उघडं. मी लिहिलं, 'दार उघडं होतं. लोकांनी घाई केली.' साहेब म्हणाले, छान, मुद्देसूद. दार कुठल्या बाजूला उघडतं, ते मी बघितलंच नाही. माझ्याकडे तेव्हा टेपसुद्धा नव्हता."

काकांनी खालच्या आवाजात विचारलं,

"आत... ते काही बोलले का तुमच्याशी?"

"एक गोष्ट विचारली."



शुक्रवारी सकाळी ऑफिसात तिच्या साहेबांच्या खोलीत गदारोळ झाला. आयोजकाच्या जिभेवरची खडीसाखर पार विरघळली होती.

"साहेब, पाच हजार माणसांना आता काय सांगू मी? नवं दार आहे, दिवे आहेत, सगळे दाखले आहेत! या बाईंना हवंय तरी काय?"

साहेबांनी टेपबाईचा कागद पुढे सरकवला. "मॅडम, हे काय लिहिलंय तुम्ही? 'प्रत्यक्ष चाचणीत शेहेचाळीस मीटर अंतरास सात मिनिटे दहा सेकंद लागले.' रिकाम्या वाटेत? गुडघ्यावर चालत होतात का?"

"चाचणी घेतली, वेळ लागला तो लिहिला."

"आणि कारण? कारण काय लिहू मी? भूत?"

"कारण मी लिहिलेलं नाही, साहेब. तुम्हाला हवं तर तुम्ही स्वतः चालून बघा. मी घड्याळ धरते. तुम्हाला पाऊण मिनिट लागलं, तर तुमच्या सहीने पास करा."

साहेबांनी तिच्या तळव्यांवरच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग तिच्या डोळ्यांकडे. का कोण जाणे, ते खुर्चीतून उठले नाहीत.

तिने दुसरा कागद पुढे ठेवला. जुन्या अहवालातलं एक वाक्य चुकीचं आहे, ते आपण लिहिलं आहे, आणि त्याची चौकशी व्हावी, असं त्यात होतं. साहेबांनी तो वाचला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अहो, बारा वर्षं झाली. जुनी मढी कशाला उकरताय? तुमचीच नोकरी जाईल यात."

"जाऊ दे."

लेखी आलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते. लेखी नकार डावलून आपली सही कोण उमटवणार? संध्याकाळपर्यंत तोडगा निघाला. पाच नंबर बंद. बारा हजारांच्या वर एकही माणूस नको. उरलेल्यांसाठी रविवारी दुसरा खेळ. मुलीच्या तिकिटांचा नंबर रविवारी लागला आणि ती आईशी बोलेनाशी झाली. "मैत्रिणी माझं तोंड बघत नाहीत तुझ्यामुळे," एवढंच म्हणाली आणि खोलीचं दार आपटलं.

शनिवारी कार्यक्रम रंगात आला असताना साडेपाचच्या सुमाराला स्टेजमागे मोठा स्फोटासारखा आवाज झाला. वायर जळली होती, दुसरं काही नाही. पण धूर आला, आणि कुणीतरी "आग!" म्हणून ओरडलं. बारा हजार माणसं एकदम उठली. टेपबाई घड्याळ धरून पूर्वेच्या गॅलरीखाली उभी होती. चारही दारं सताड उघडी होती, स्वयंसेवक जागेवर होते, आणि माणसं एखादी नदी वाहावी तशी वाहत बाहेर गेली. सहा मिनिटांत गॅलऱ्या मोकळ्या. एका आजींचा पाय मुरगळला, एवढंच.

आयोजक तिच्याजवळ आला तेव्हा त्याच्या हातात एकही फोन नव्हता.

"मॅडम... सतरा असते तर?"

ती काकांना घेऊन पाच नंबरपाशी गेली. वाटेच्या तोंडाशी लावलेला पत्रा बाजूला केला. दिवे लावले. घड्याळ सुरू केलं आणि चालत गेली.

एकोणचाळीस सेकंद.

आत रंगाचा वास होता, थोडी धूळ होती. बाकी काही नव्हतं. ती परत आली, पुन्हा गेली. अडतीस. बारा वर्षांत पहिल्यांदाच काका त्या वाटेत शिरले, वळणापर्यंत गेले, भिंतीला हात लावून परत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गेले वाटतं," ते म्हणाले.

कुठे गेले, ते तिनेही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

घराच्या इमारतीपाशी ती पोचली तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. अंग मोडून आलं होतं, पण मनावरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. मुलीची समजूत काढायची, गरम पाण्याने आंघोळ करायची आणि झोपायचं, असं घोकत ती लिफ्टपाशी आली. लिफ्ट जुनी, सहा माणसांची. खाली रिकामीच उभी होती. ती आत शिरली आणि सहाव्या मजल्याचं बटण दाबलं.

घंटा वाजू लागली. वजन जास्त झालं की वाजते ती.

तिने आजूबाजूला बघितलं. एकटी ती, आणि समोरच्या आरशातही एकटी तीच. पर्स घट्ट धरून ती बाहेर आली. घंटा थांबली. दार सरकत बंद झालं आणि लिफ्ट वर निघाली. तीन. चार. पाच. आकडा सहावर जाऊन थांबला.

तिला जिन्याकडे धावायचं होतं. पाय उचलेनात.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दार बराच वेळ उघडं राहिलं, एकामागून एक माणसं आत शिरेपर्यंत राहतं तेवढा वेळ. घंटा एकदा वाजली, लगेच थांबली. दार लागलं. सहा. लिफ्ट पुन्हा खाली आली, पुन्हा उघडली. या वेळी लवकर मिटली आणि वर गेली. मग परत आली नाही.

पर्समध्ये फोन वाजला तेव्हा तिच्या पायांत जीव आला. ती जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करत चढू लागली, फोन कानाला लावून.

"आई," मुलगी म्हणाली. कालपासून पहिल्यांदाच बोलत होती, आणि आवाजात राग नव्हता. "तू पाठवलेली माणसं आलीत गं. तुझं नाव सांगितलं म्हणून आत घेतलं मी."

"दार... तू बाहेर ये... आत्ताच्या आत्ता बाहेर ये, बाळा..."

"मघापासून म्हणतेय, बसा, बसा. कुणी बसतच नाहीये. एवढी खोली मोकळी असून सगळी उभीच आहेत, एकमेकांना चिकटून." ती थोडा वेळ थांबली. मग आवाज अगदी बारीक झाला, श्वास पुरत नसावा तसा.

"आणि आई... मला ना... मध्ये घेतलंय त्यांनी."